दोन पडद्यांचीं खेळयंत्रें

वार्षिकाच्या मराठी विभागांत एखादा शास्त्रीय विषय समजावून सांगणारा लेख आमच्याकडून जावा, अशी आतां रूढीच पडली आहे. मागें आम्हीं भरतीओहोटीवर लिहिलें, खारफुटीवर लिहिलें, एकदां धूमकेतूंवरहि लिहिलें. तें किती मुलांनीं वाचलें हें विचारण्याचें धैर्य मात्र आम्हांस कधीं झालें नाहीं. ह्या खेपेस विषय आम्हीं निवडलेला नाहीं. तो रुमालांत गुंडाळलेला आमच्या टेबलावर आला.

नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी रोह्याहून रोज गाडीनें पेणास येतो. पावसाळ्यांत एके दिवशीं शेवटचा तास संपल्यावर तो मागें राहिला, आणि त्यानें रुमाल सोडून आमच्यापुढें एक लहानसें यंत्र ठेविलें. जुन्या काळीं शाळांतून दोन पाट्या बिजागरीनें जोडलेली दुहेरी पाटी असे. तिची आठवण व्हावी असा त्याचा घाट. खालच्या फळीस एक पडदा व बटणें, वरच्या फळीस दुसरा पडदा. बिजागरी मोडलेली होती. कळ दाबली कीं दिवा क्षणभर लागे व यंत्र पुन्हां बंद पडे. त्या यंत्राचें नांव निन्टेंडो डीएस. मुलाचे वडील मालवाहू जहाजावर नोकरीस होते; त्यांनीं तें सिंगापूर बंदरांत विकत घेतलें होतें. २०२१ सालीं ते निवर्तले. मुलानें एका दुकानांत तें दाखविलें, तेव्हां “फेकून दे आणि मोबाईल घे” असा सल्ला त्यास मिळाला.

“सर, मला खेळायला नको आहे,” तो म्हणाला. “यांत एक समुद्राचा नकाशा आहे. बाबांनी त्याच्यावर स्वतःच्या हातानं लिहिलंय. तेवढं बघायचंय.”

असलीं यंत्रें मुलांच्या खिशांतून काढून घेऊन कपाटांत ठेवणें एवढाच आजवर आमचा त्यांच्याशीं संबंध. त्यांतील विद्येविषयीं आम्ही पूर्ण अज्ञ होतों. पुढील चार महिन्यांत ह्या मुलाच्या प्रश्नाच्या पाठीस लागून आम्ही जें शिकलों, तें येथें मांडीत आहों. मुलांना ह्यांतील पुष्कळसें आधींच ठाऊक असेल. परंतु दोन पडद्यांचीं नवीं यंत्रें हल्लीं बाजारांत आलीं आहेत, व घरोघरीं त्यांचा हट्ट सुरू झाला आहे; तेव्हां पालकांनीं तरी हें नेटानें शेवटपर्यंत वाचावें.

दोन पडदे मुळांत आले कोठून, तें प्रथम पाहूं. जपानांत क्योटो येथें निन्टेंडो ही कंपनी १८८९ सालीं स्थापन झाली ती पत्ते तयार करण्यासाठीं. १९६५ सालीं तेथें गुनपेई योकोई नांवाचा एक तरुण नोकरीस लागला. पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करणें हें त्याचें काम. हाच पुढें खेळण्यांचा मोठा कल्पक ठरला. असें सांगतात कीं, एकदां आगगाडीच्या प्रवासांत त्यानें एक कंटाळलेला गृहस्थ पाहिला. वेळ घालविण्यासाठीं तो गृहस्थ हिशेबाच्या कॅल्क्युलेटरचीं बटणें उगाच दाबीत बसला होता. योकोईच्या मनांत आलें, ह्या माणसाच्या हातांत एक लहानसा खेळ कां असूं नये? दिवा-रोहा गाडीनें जो नेहमीं जातो, त्यास ह्या गोष्टीचें मर्म निराळें सांगावयास नको. कासू आणि नागोठणें यांच्या मध्यें गाडी उगाच उभी राहिली म्हणजे माणसाचीं बोटें कांहीं तरी शोधूं लागतातच.

कॅल्क्युलेटर त्या काळीं स्वस्त झाले होते, आणि त्यांचा द्रवस्फटिकाचा पडदाहि स्वस्त झाला होता. योकोईनें तोच पडदा उचलला. १९८० सालीं ‘गेम अँड वॉच’ ह्या मालेंतील पहिला खेळ निघाला. नव्या महागड्या तंत्राच्या मागें न लागतां, मुरलेलें व स्वस्त झालेलें तंत्र निराळ्या कामास लावावें, असा त्याचा सिद्धांत होता. कोंकणांतील माणसास हा सिद्धांत शिकवावा लागत नाहीं. पण तो सिद्धांत म्हणून कोणी मांडला, हें विशेष.

१९८२ सालीं ह्या मालेंत ‘ऑइल पॅनिक’ नांवाचा दोन पडद्यांचा खेळ आला. वरच्या पडद्यावर एक माणूस गळणारें तेल बादलींत झेलीत असतो, आणि भरलेली बादली तो बाहेर रिकामी करतो ती खालच्या पडद्यावर उभ्या असलेल्या सोबत्याच्या पिंपांत. म्हणजे दोन पडदे हे एकाच इमारतीचे दोन मजले झाले. चित्र मोठें करण्याकरितां दुसरा पडदा जोडलेला नव्हता. दोन ठिकाणीं एकाच वेळीं लक्ष ठेवण्याची कसरत हाच खेळ होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाची ती किल्ली आहे. त्याच वर्षीं आलेल्या ‘डाँकी काँग’ ह्या दोन पडद्यांच्या खेळांत योकोईनें अधिक चिन्हाच्या आकाराचें बटण बसविलें. आज जगांतील बहुतेक सर्व खेळयंत्रांवर डाव्या अंगठ्याखालीं तें बटण किंवा त्याचा भाऊबंद सांपडतो.

आमच्या विद्यार्थिदशेंत, म्हणजे १९९० नंतरच्या दशकांत, ह्यांतलें कांहींच इकडे आलें नव्हतें. आलें तें ‘ब्रिक गेम’. दहा आडवे व वीस उभे असे दोनशें काळे चौकोन, आणि पाठीवर छापलेलें ‘९९९९ खेळ’. आमच्या मामांनीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक आणून दिला होता. आम्हीं ते खेळ मोजावयास घेतले. डझनभर भरले, बाकीचे सर्व वेगाचे व पातळीचे फेरफार. विटा रचण्याचा मुख्य खेळ मात्र अस्सल होता. तो मॉस्कोंतील अलेक्सी पाजित्नोव ह्यानें १९८४ सालीं रचलेला टेट्रिस. आमचा तो ब्रिक गेम भूगोलाच्या तासाला जप्त झाला व परत मिळाला नाहीं. ज्या कपाटांत तो गेला, तसल्याच एका कपाटाची किल्ली आज आमच्याकडे असते.

आतां मुलाच्या यंत्राकडे येऊं. निन्टेंडो डीएस २००४ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत व डिसेंबरांत जपानांत विक्रीस आलें. दोन पडदे, प्रत्येक सुमारें तीन इंची; प्रत्येकावर आडवे २५६ व उभे १९२ ठिपके. खालचा पडदा स्पर्श ओळखणारा. आंत दोन प्रक्रियक, एक मोठा व एक त्याच्या निम्म्या वेगाचा. शिवाय एक ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन. टपालाच्या तिकिटाहून थोडी मोठी अशी एक चकती खांचेंत सरकवावी कीं खेळ सुरू. सर्व प्रकार मिळून अशीं १५ कोटि ४० लाख यंत्रें विकलीं गेलीं. २०११ सालीं त्याचा वारस, निन्टेंडो थ्रीडीएस, आला. मूळ यंत्राचें उत्पादन २०१३ सालीं थांबलें, वारसाचें २०२० सालीं. आणि वारसाचें ऑनलाईन दुकान २०२३ च्या मार्चांत बंद झालें. सारांश, हीं यंत्रें आज कोठेंहि नवीं होत नाहींत. आहेत तीं झिजत आहेत, व बिजागरी हें त्यांचें मर्मस्थान आहे.

“मग तेच खेळ मोबाईलवर कां खेळूं नयेत?” असें पालक विचारतील. पुष्कळसे खेळतां येतात. मोबाईल उभा धरला असतां एकाखालीं एक अशा दोन चौकटी मांडतां येतात, आणि आमच्या शाळेंतील कांहीं मुलें तसें करतातहि. नांवें आम्ही घेत नाहीं. परंतु ‘ऑइल पॅनिक’प्रमाणेंच डीएसचे कित्येक खेळ दोन पडद्यांच्या शरीरावरच बेतलेले आहेत.

दोनच उदाहरणें देतों. २००५ सालच्या ‘अनदर कोड’ ह्या खेळांत एक कोडें असें आहे कीं, दोन पडद्यांवर दोन अपुरीं चित्रें दिसतात व कितीहि बटणें दाबलीं तरी उलगडा होत नाहीं. यंत्र अर्धवट मिटून, एका पडद्याचें प्रतिबिंब दुसऱ्याच्या कांचेंत पाडलें म्हणजे दोन्ही चित्रें एकमेकांत मिसळून उत्तर वाचतां येतें. आरशावरचा धडा आम्ही आठवीस दरवर्षीं शिकवितों. त्यास इतकें सुंदर उदाहरण आम्हांस कधीं सुचलें नव्हतें. मोबाईल कसाहि धरला तरी हें साधणार नाहीं, कारण एक सपाट पडदा स्वतःचें प्रतिबिंब स्वतःत पाडूं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण मुलाच्या वडिलांच्या खेळाचें. ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ ह्या मालेंतील ‘फँटम आवरग्लास’ हा खेळ २००७ सालीं निघाला. त्यांत एक मुलगा जहाजांतून बेटाबेटांवर हिंडतो. समुद्राचा नकाशा पडद्यावर येतो, व त्यावर लेखणीनें खुणा करतां येतात, मार्ग आंखतां येतो, टिपणें लिहितां येतात. तीं सर्व खेळासोबत जतन होतात. एके ठिकाणीं वरच्या पडद्यावरील चिन्ह खालच्या नकाशावर उमटवावें असें सांगितलें जातें. माणसें तासन् तास बटणें दाबीत बसतात. उपाय एकच: यंत्र पुस्तकासारखें मिटावें. शाई ओली असतां वही मिटली म्हणजे समोरच्या पानावर जसा ठसा उठतो, तसें तें चिन्ह नकाशावर उठतें. तसेंच एका दुकानांत वस्तूचा भाव उतरविण्याकरितां खेळणाऱ्यानें मायक्रोफोनांत खरोखर ओरडावें लागतें. जितका मोठा आवाज, तितका भाव कमी. पेणच्या मासळीबाजारांत हें तंत्र चालत नाहीं, असें आमच्या घरांतून आम्हांस बजावण्यांत आलें आहे.

नवें यंत्र जुन्याचे खेळ कसें चालवितें, हा आतां मुख्य प्रश्न. जुन्या खेळाच्या चकतींत ज्या आज्ञा आहेत, त्या जुन्या प्रक्रियकाच्या भाषेंत आहेत. नव्या यंत्रास त्या कळत नाहींत. तेव्हां मध्यें एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, बसवावा लागतो. तो जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग घेतो. त्यास इम्युलेटर म्हणतात. बहुरूपी पोलिसाचें सोंग घेऊन दारांत उभा राहिला म्हणजे घरांतलीं माणसें क्षणभर खरोखर दचकतात. तसें चकतींतील खेळास वाटतें कीं आपण आपल्या जुन्या यंत्रांतच आहों.

ह्या सोंगाची रीत समजण्यासाठीं मोडी कागदांचें उदाहरण घेऊं. पेण-रोह्याकडे कित्येक घरांत ट्रंकेंत मोडींतील जुने दस्त असतात, व ते वाचणारा घरांत कोणी नसतो. एखादा जाणकार बोलावला, तर तो दोन प्रकारें काम करूं शकेल. एक, कागद हातांत धरून तो एकेक शब्द लावील व आपणांस अर्थ सांगत जाईल. हें चोख होतें, पण संथ. आणि तीच ओळ पुन्हां ऐकावयाची झाल्यास त्यानें ती पुन्हां लावली पाहिजे. दुसरा प्रकार असा कीं, एक परिच्छेद वाचतांच तो बाळबोधींत उतरवून ठेवावयाचा. पुढच्या वेळीं मूळ कागदास हात न लावतां उतरलेलें वाचावयाचें. खेळांत तोच तो परिच्छेद एका सेकंदांत साठ वेळां लागतो. तेव्हां दुसरा प्रकार पुष्कळच वेगवान पडतो. इम्युलेटर हे दोन्ही प्रकार वापरतात, आणि दुसऱ्यांत एक धोका असतो: खेळानें मध्येंच मूळ कागदांत खाडाखोड केली, तर बाळबोध प्रत खोटी ठरते. ती वेळीं ओळखून फाडणें व नवी करणें हेंहि त्यालाच पाहावें लागतें.

शिवाय जुन्या यंत्रांत प्रक्रियक एक नव्हे, दोन. त्यांच्या बरोबरीनें चित्र काढणारा भाग, ध्वनीचा भाग, घड्याळ. बँडपथकांतल्याप्रमाणें ह्या सर्वांची चाल एकमेकांशीं जुळलेली असते. एकटा नट आळीपाळीनें सर्वांचीं कामें करूं लागला म्हणजे ताल सांभाळणें अवघड. म्हणून नक्कल करणारें यंत्र मूळ यंत्रापेक्षां अनेक पटींनीं वेगवान असावें लागतें. डीएसचा मुख्य प्रक्रियक सेकंदास सुमारें ६ कोटि ७० लाख ठोके देतो. आजच्या साध्या मोबाईलचा प्रक्रियक २०० कोटि वा त्याहून अधिक. ही तफावत आहे म्हणूनच सोंग वठतें.

परंतु सोंग बुद्धीचें घेतां येतें, शरीराचें येत नाहीं. दोन पडदे, मधली बिजागरी, लेखणीचा दाब, हें शरीर झालें. गेल्या दोन-तीन वर्षांत चिनी कंपन्यांनीं नेमकी हीच उणीव हेरली आहे. २०२४ सालीं आयानिओ कंपनीनें ‘फ्लिप डीएस’ काढलें. २०२५ सालीं एवायएन कंपनीचें ‘थॉर’ व अॅन्बर्निकचें ‘आरजी डीएस’ आलें. ‘थॉर’चा वरचा पडदा सहा इंची व खालचा चारांच्या आंतबाहेर, असे लहानमोठे पडदे थ्रीडीएसच्या खेळांस सोईचे, कारण त्यांतहि वरचें चित्र अधिक रुंद असे. ‘आरजी डीएस’चे दोन्ही पडदे चार इंची व सारखे. हीं शेवटचीं दोन यंत्रें मुळांत अँड्रॉइड मोबाईलचेंच नातलग; त्यांच्या अंगावर बटणें चढविलेलीं आणि एक पडदा अधिक.

येथें गणिताची एक मौज आहे. ‘आरजी डीएस’च्या पडद्यावर आडवे ६४० व उभे ४८० ठिपके आहेत. मूळ २५६ व १९२. मुलांनीं भागाकार करून पाहावा: दोन्हीकडे अडीच येतात. म्हणजे चित्राचा आकार बिघडत नाहीं, वर-खालीं काळ्या पट्ट्या राहत नाहींत. पण ठिपका अडीच पट कसा करावयाचा? अर्धा ठिपका नसतो. म्हणून कांहीं ठिपके दोन घरें व्यापतात, कांहीं तीन. स्थिर चित्रांत हें लक्षांत येत नाहीं. चित्र सरकूं लागलें कीं बारीक रेघा थरथरल्यासारख्या दिसतात. त्यावर कडा किंचित् पुसट करण्याचा उपाय करतात. पूर्ण दुप्पट किंवा तिप्पट असती, तर हा उपद्व्याप करावा लागला नसता.

दुसरा फरक स्पर्शाचा. जुन्या पडद्यावर दोन पातळ थर असून, दाबल्यावर ते जेथें एकमेकांस टेंकतात ती जागा यंत्रास कळे. नख, काडी, प्लॅस्टिकची टोंकदार लेखणी, कशानेंहि दाबावें. नवा पडदा दाब पाहत नाहीं. बोटाच्या स्पर्शानें तेथील विद्युत्भारांत पडणारा फरक तो पाहतो. जुनी प्लॅस्टिकची लेखणी त्यावर कितीहि घांसली तरी उमटत नाहीं. बोटानें लिहावें लागतें, किंवा त्यासाठीं केलेली निराळी लेखणी आणावी लागते. बारीक अक्षर काढणाऱ्यास हा फरक जाचतो. थ्रीडीएसच्या पडद्यावर चष्म्याशिवाय खोली भासे, तीहि ह्या नव्या यंत्रांत नाहीं.

आतां खेळाची नक्कल करणें ह्यांत चोरी आहे काय, हें पाहिलें पाहिजे. पालकांनीं येथें मुलांच्या शब्दावर विसंबूं नये, आणि घाबरूंहि नये. पेण तालुक्यांत हमरापूर, जोहें वगैरे गांवीं गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. साचा कसा काढतात हें आमच्या मुलांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. एका कसबी मूर्तिकारानें मूळ मूर्ति घडविली, तिच्यावरून त्यानें रबराचा साचा काढला, त्यांतून शंभर मूर्ति पाडल्या. हा त्याचा हक्क. शेजाऱ्यानें त्यांतली एक मूर्ति विकत आणून तिच्यावरून स्वतःचा साचा काढला व धंदा मांडला, तर गांवांत भांडण लागेल, आणि तें योग्यच. पण स्वतःच्या कारखान्यांतील भट्टी, रंगाची पिचकारी, टेबल हें शेजाऱ्यासारखेंच केलें, तर त्यास कोणी चोरी म्हणणार नाहीं.

इम्युलेटर हें टेबल आहे. खेळ ही मूर्ति आहे. अमेरिकेंत सोनी व कनेक्टिक्स यांच्या दाव्यांत २००० सालीं वरिष्ठ न्यायालयानें असाच निर्णय दिला: दुसऱ्याच्या यंत्राचा अभ्यास करून त्याची नक्कल करणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिणें गैर नाहीं. परंतु २०२४ सालीं निन्टेंडोनें ‘युझू’ ह्या इम्युलेटराच्या कर्त्यांवर दावा लावला तेव्हां त्यांनीं २४ लक्ष डॉलर देण्याचें मान्य करून काम बंद केलें, आणि त्याबरोबर थ्रीडीएसचा ‘सिट्रा’ हा इम्युलेटरहि मिटला. म्हणजे प्रश्न कायमचा सुटलेला नाहीं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत, ज्याच्याजवळ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर रीतीनें आहे, त्यास ती गहाळ अगर खराब होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. आम्ही वकील नव्हे. पण साध्या वाचनानें जो अर्थ निघतो तो असा कीं, घरांतल्या चकतीची स्वतःपुरती प्रत ही एक गोष्ट, व इंटरनेटवरून पांच हजार खेळांचा भारा उतरविणें ही अगदीं दुसरी. कित्येक विक्रेते यंत्राबरोबर असा भारा भरलेलें कार्ड फुकट देतात. तें फुकट नव्हे. तो शेजाऱ्याचा साचा आहे.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन ह्या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली, तींत असें आढळलें कीं, तेथें निघालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत मिळतच नाहींत. पुस्तक दुर्मिळ झालें तर ग्रंथालयांत जातां येतें. खेळाचें तसें नाहीं. जो विकत मिळत नाहीं, त्याची प्रत करूं नये, आणि मूळ प्रत तर झिजत चालली आहे. ह्या पेंचांतून कायद्यानें अद्याप चांगली वाट काढलेली नाहीं, असें आमचें मत आहे.

किंमतीविषयीं थोडक्यांत. साधें यंत्र शंभर डॉलरांच्या आसपास, थॉरसारखें त्याच्या अडीचपट किंवा अधिक, आणि वर जकात व वाहणावळ. बिघडल्यास पेण-रोह्यांत तें उघडणारा कोणी आमच्या माहितींत नाहीं. ज्यास केवळ जुने खेळ कसे होते हें पाहावयाचें आहे, त्यास घरांतील मोबाईल पुरेसा आहे, हें आम्ही स्पष्ट लिहून ठेवितों. पालकांच्या मनांत ह्या यंत्रांची पैसे लावण्याच्या ऑनलाईन खेळांशीं गल्लत होते, तीहि दूर केली पाहिजे. त्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायद्यानें बंदी घातली. जुने खेळ चालविण्यास जाळ्याची जोडणीच लागत नाहीं. त्यांत पैसे लावावयाचे नसतात, आणि दुर्दैवानें जिंकावयाचेहि नसतात.

मुलाच्या यंत्राचें पुढें काय झालें तें आतां सांगतों. सर्वांत सोपा उपाय म्हणजे चालू स्थितींतील दुसरें डीएस मिळवून त्यांत चकती घालणें. आम्हीं पेणांत विचारलें, मुलाच्या मामांनीं रोह्यांत व धाटावच्या कामगार वसाहतींत विचारलें, कोणाकडे नव्हतें. शेवटीं पुण्यास अभियंता असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे जुनें थ्रीडीएस निघालें. त्यांत डीएसची चकती चालते. शिवाय त्याच्याजवळ दोन पडद्यांचें एक नवें यंत्रहि होतें. सुटींत तो घरीं आला तेव्हां दोन्ही घेऊन आला.

“सर, घाई नको,” तो म्हणाला. “चकती घालून खेळ सुरू केला, आणि चुकून एक बटण दाबलं, तर जुनं पुसून नवं जतन होईल.”

हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. चकतींत दोन निराळ्या कोठड्या असतात. एकींत खेळ स्वतः. तो कोणास बदलतां येत नाहीं, व कोणत्याहि चकतींत तोच असतो. दुसरी अगदीं लहान. तींत खेळणाऱ्याची प्रगति, त्याचें नांव व नकाशावरील रेघा. पहिली हरवली तर जगांत तिच्या लक्षावधि प्रती आहेत. दुसरीची प्रत एकच. आणि असली साठवण कायमची नसते. वर्षें लोटलीं कीं तींतील विद्युत्भार हळूहळू झिरपून जाऊं शकतो. तेव्हां पुण्याच्या यंत्रांत एकदां नकाशा पाहिला असता, तरी तेवढ्यानें भागणारें नव्हतें. त्यानें खेळ सुरू न करतांच दोन्ही कोठड्यांच्या प्रती उतरविल्या. लहान कोठडीची प्रत तीन ठिकाणीं ठेविली, त्यांतील एक आमच्या शाळेच्या संगणकावर आहे. एक अडचण आलीच. वेगवेगळे इम्युलेटर ही प्रत वेगवेगळ्या ठेवणींत मागतात. पहिल्या खेपेस नव्या यंत्रानें ती ओळखलीच नाहीं व कोरा खेळ दाखविला. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ठेवण बदलून दिल्यावर यादींत वडिलांचें नांव आलें, तें त्यांनीं इंग्रजी लिपींत, घरच्या हाकेचें, टाकलेलें होतें.

मुलाच्या मातुःश्री त्या दिवशीं शाळेंत आल्या होत्या. विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत आम्ही चौघे त्या यंत्राभोंवतीं बसलों. वरच्या पडद्यावर जहाज, खालीं नकाशा उघडला. समुद्राचे चार भाग, आणि प्रत्येकांत बारीक रेघांनीं काढलेले मार्ग, बाण, गोल. जहाजावरचा माणूस तो. मार्ग एकमेकांस कोठें छेदीत नव्हते. एका बेटाशेजारीं ‘मासा’ असें लिहिलेलें होतें, दुसऱ्याशीं एक फुली व ‘नको’. वायव्येच्या भागांत, मार्ग अर्ध्यावर तुटला होता तेथें, दोन ओळींत मराठी अक्षरें होतीं: ‘बाळ उठला. नंतर.’

मातुःश्रींनीं अक्षर लगेच ओळखलें. त्यांचा ‘ळ’ असाच उलटा वळे, असें त्या म्हणाल्या. मुलगा तेव्हां दीड वर्षाचा होता, आणि त्याचे वडील सहा महिन्यांच्या रजेवर घरीं होते.

ह्या खेळांत दोन खेळणाऱ्यांपुरत्या जागा असतात. पहिली वडिलांची, तिला कोणी हात लावावयाचा नाहीं, असें ठरलें. माजी विद्यार्थ्यानें आपलें यंत्र सुटी संपेपर्यंत रोह्यास राहूं दिलें. मुलानें दुसऱ्या जागीं स्वतःचें नांव घालून खेळ सुरू केला आहे. परवां गाडींतून उतरतांच तो तक्रार घेऊन आमच्याकडे आला. रेघ तितकीच बारीक येते, म्हणाला, पण बोटाखालीं नकाशा झांकला जातो, म्हणून अक्षर मोठें होतें, आणि बाबांच्या इतकें एका बेटाशेजारीं मावत नाहीं. त्यास हवी तसली बारीक टोंकाची लेखणी पनवेलींत कोठें मिळते, ह्याची आम्ही चौकशी करीत आहों.